चिकटा

माळ्यावरून काढलेल्या वस्तूवरची धूळ झटकता येते, हा माझा समज त्या टेपरेकॉर्डरने खोटा पाडला. धूळ झटकली जाईना, कारण ती वर बसलेलीच नव्हती, आत रुतली होती. फडकं मारलं तर फडक्याचे धागे तिथेच राहिले. हँडलला धरून उचलायला गेलो तर काकवीच्या भांड्यात हात घातल्यासारखं झालं, आणि मूठ उघडली तेव्हा तळव्यावर काळसर पट्टा. साबणाने दोनदा हात धुतले, गेला नाही. मग तो दाराच्या कडीला लागला, चहाच्या कपाला लागला, संध्याकाळी चष्म्याच्या काडीवरही सापडला.

"गुळाच्या ढेपेवर ठेवला होता की काय," आई म्हणाली.

ज्वारीवर मावा पडला की पानांवर जो चकाकता, चिकट थर येतो त्याला शेतकरी चिकटा म्हणतात. आम्ही कोकणातले, आमच्याकडे ज्वारी नाही. पण बायकोचं माहेर सोलापूरकडचं. तिने हँडलवर एक बोट टेकवून पाहिलं, ते उचलताना 'चट्' असा बारीक आवाज आला, आणि ती म्हणाली, "हा तर चिकटा." तेव्हापासून घरात हाच शब्द.

टेप कागदात गुंडाळून ठेवलेला होता. वर्तमानपत्राचा कागद बाकीच्या अंगावरून सहज सुटला, हँडलला मात्र असा बसला होता की ओढल्यावर वितभर तुकडा तिथेच राहिला. तो नंतर बघू म्हणून सोडून दिला. आधी टेप चालतो का हे बघायची घाई होती. वायर लावली, रेडिओचं बटण सरकवलं आणि एवढ्या मोठ्याने खरखर सुरू झाली की आई स्वयंपाकघरातून हातातल्या उलथण्यासकट बाहेर आली. आवाजाचं बटण पार शेवटाला होतं. मी ते झटकन खाली केलं. तेही चिकट.

हा टेप १९९९ सालचा. काका मस्कतला होता, दोन वर्षांनी एकदा मे महिन्यात यायचा, आणि आखातातून येणाऱ्याने टेप आणायचा हा तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात जवळजवळ रिवाजच होता. आधीचा आमचा टू-इन-वन चौकोनी, काळा आणि कडक. ह्याला सीडी, कॅसेट आणि रेडिओ, म्हणजे हिशेबाने थ्री-इन-वन, पण घरात त्याचं नाव टेपच राहिलं. त्या काळात वस्तूंना कोपरे असणं बंद झालं होतं. हा सगळा गोलमटोल, चंदेरी, दोन्ही बाजूंना बेडकाच्या डोळ्यांसारखे स्पीकर. प्लगला मस्कतचे तीन जाड चौकोनी पाय होते. बाबांनी तो कापून आपला गोल पिनांचा लावला आणि कापलेला प्लग, आतल्या फ्यूजसकट, खिळ्यांच्या डब्यात जपून ठेवला. टेप परत मस्कतला न्यायची वेळ आली तर, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं.

पण ह्या टेपची खरी ऐट होती ती त्याच्या स्पर्शात. हँडलवर आणि बटणांच्या भोवती करड्या रंगाचा, चमक नसलेला, मऊ थर होता. रबर म्हणावं तर रबर नाही, कापड म्हणावं तर कापड नाही. वासराच्या कानाला हात लावावा तसं काहीतरी. घरी कोणी आलं की बाबा म्हणायचे, "आवाज नंतर ऐका, आधी हात लावून बघा." आणि लोक खरंच हात लावून बघत. मी एका पोस्टमनला आमच्या टेपचं हँडल कुरवाळताना पाहिलेलं आहे.

त्या दहा-पंधरा वर्षांत हा मऊ थर कशाकशावर आला नाही! बॅटऱ्या, कॅमेरे, दुर्बिणी, कॉम्प्युटरचे माऊस, पेनं, छत्रीच्या मुठी, गाड्यांच्या आतली बटणं. ग्राहकाने दुकानात वस्तू उचलली की ती महाग वाटली पाहिजे, आणि प्लास्टिक महाग वाटायला लावण्याचा हा सगळ्यात स्वस्त उपाय होता. आज त्यातल्या बऱ्याच वस्तू कुठल्या ना कुठल्या खणात ह्या टेपसारख्याच घामेजून पडलेल्या असतील.

पहिला आठवडा मी घरगुती उपायांत घालवला. ओल्या फडक्याने पुसून चिकटा फक्त इकडचा तिकडे गेला. टाल्कम पावडर मारली. दोन दिवस टेप नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळासारखा कोरडा आणि सुवासिक होता, तिसऱ्या दिवशी पावडर आत मुरली आणि वर पांढुरकी लापशी झाली. आईने खोबरेल तेल सुचवलं. डब्यावरच्या लेबलाचा गोंद तेलाने निघतो हे खरं आहे, पण इथे गोंद नव्हताच. चिकट होतं ते चिकट आणि तेलकट झालं. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, रॉकेल लावा. आता रॉकेल आणायचं कुठून?

मग मी तो मूर्खपणा केला जो बहुधा प्रत्येक जण एकदा करतो. मुलीचं नेलपॉलिश काढायचं द्रावण घेतलं. चिकटा असा उतरला की मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. आणि मग पाहिलं, कॅसेटच्या झाकणाशेजारचा कोपरा पांढुरका पडला होता आणि बोटाखाली दबत होता. द्रावणात अ‍ॅसिटोन असतं. अशा टेपचं कॅबिनेट बहुतेक वेळा एबीएस नाहीतर पॉलिस्टायरीनचं, आणि ही दोन्ही प्लास्टिकं अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतात. थिनरचंही तेच. त्या कोपऱ्यावर आता माझ्या अंगठ्याचा ठसा आहे, खरेदीखतावर असावा तसा स्पष्ट. तो काही केल्या जाणार नाही.

त्यानंतर मात्र मी हात आवरला आणि हा थर नेमका आहे तरी काय ते वाचायला बसलो.

हा रंगच आहे, फवाऱ्याने मारलेला, पण पॉलियुरेथेनचा. नाव अवघड असलं तरी ह्या पदार्थावर आपण रोज झोपतो. गादीतला फोम तोच, बुटाचा तळ तोच, दारावरचं चकचकीत पीयू पॉलिशही त्याच कुळातलं. १९३७ साली जर्मनीत, बायर कंपनीच्या लेव्हरकुसेनच्या प्रयोगशाळेत ऑटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो पहिल्यांदा बनवला. (बायरच्या प्रयोगशाळेत बायर आडनावाचा माणूस, आणि कंपनीच्या मूळ मालकांशी त्याचं नातं काही नाही. आपल्याकडे ह्यावर कोणी विश्वास ठेवला नसता.) दोन घटक एकत्र करायचे, ते एकमेकांना धरतात आणि लांबच लांब साखळ्या तयार होतात. साखळ्या घट्ट विणल्या तर कडक पॉलिश, सैल ठेवल्या तर मऊ, लवचिक थर. टेपच्या हँडलवरचा मऊपणा म्हणजे ही सैल वीण. तिची जाडी केसापेक्षाही कमी.

ह्यातल्या बऱ्याचशा थरांत साखळीचे काही दुवे एस्टर जातीचे असतात, आणि एस्टरची एक गंमत आहे. आम्ल आणि अल्कोहोल जोडून ते बनतं तेव्हा प्रत्येक जोडामागे पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. तोच रेणू पुढे कधीतरी परत आला की जोड उसवतो. म्हणजे जे पाणी बाहेर घालवून साखळी बांधली होती, तेच पाणी हवेतून हळूहळू आत शिरून ती सोडवत राहतं. शिवाय उसवलेल्या टोकाशी आम्ल उरतं, आणि आम्लामुळे पुढचा दुवा आणखी लवकर सुटतो. एकदा सुरू झालं की वेग वाढतच जातो. लांब साखळ्यांचे तुकडे होतात आणि घन थराचा पाक होतो. वर काही सांडलेलं नसतं, बाहेरून काही चिकटलेलं नसतं. ती वस्तूच स्वतः पातळ होत असते. साबणाने का निघत नाही, त्याचं उत्तर एवढंच.

आणि आमचा टेप होता चिपळूणला. जिथे आषाढात मीठ सुटतं, काडेपेटी पेटत नाही आणि कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी लव येते. त्यात तो कागदात गुंडाळलेला, वर प्लास्टिकची पिशवी, पिशवीला सुतळी, आणि मग कौलाखालच्या माळ्यावर. दमट हवा आत कोंडलेली, तयार झालेलं आम्लही आतच, उन्हाळ्यात वरून कौलं तापलेली. कोणी हेतुपुरस्सर हा थर बिघडवायचं ठरवलं असतं तरी ह्याहून चांगली सोय केली नसती. ज्याने कोणी गुंडाळला त्याने अर्थातच जपण्यासाठी गुंडाळला होता.

बुटांचंही असंच होतं. माझ्या एका मावसभावाने लग्नातले बूट डब्यात, सिलिकाच्या पुडीसकट ठेवले होते. आठ वर्षांनी मेहुणीच्या लग्नात ते घालून तो वरातीत निघाला आणि बँडवाल्यांच्या मागे तळाचे तुकडे सांडत गेला. मांडवात पोचला तेव्हा एका पायात बूट नावालाच होता. तोही पॉलियुरेथेनचाच तळ. रोग एकच, तिथे भुगा होतो, इथे पाक.

संग्रहालयांत जुन्या प्लास्टिकची देखभाल करणारे लोक ज्या चार जातींना सगळ्यात जास्त टरकून असतात, त्यांत पॉलियुरेथेन आहे. उरलेल्या तीन म्हणजे सेल्युलोज नायट्रेट, सेल्युलोज अ‍ॅसिटेट आणि पीव्हीसी. पहिल्याची आठवण पुणेकरांना करून द्यायला नको. २००३ च्या जानेवारीत इथे चित्रपट संग्रहालयाच्या कोठाराला आग लागली आणि जुन्या नायट्रेट फिल्मची रिळं जळून गेली. पॉलियुरेथेन असं भडकून जात नाही. ते हाताला लागत राहतं.

आणखी एक गोष्ट वाचताना कळली, तिने मात्र मी जरा हबकलो. टेपच्या फितीवर जी तपकिरी चुंबकीय भुकटी असते, ती फितीला धरून ठेवणारा गोंदासारखा थर बऱ्याचदा पॉलियुरेथेनचाच असतो. १९७० आणि ८० च्या दशकांतल्या स्टुडिओच्या मोठ्या रिळांपैकी काही ह्याच कारणाने चिकट झाली. वाजवायला लावली की फीत तिला वाचणाऱ्या हेडला धरते, किंचाळते, आणि भुकटी सोडते. मग अशी रिळं पन्नास-पंचावन्न अंशांवर कित्येक तास मंद भाजतात. ओल तेवढ्यापुरती जाते, फीत थोडे दिवस वाजण्याजोगी होते, आणि त्या मुदतीत तिची नक्कल करून घ्यायची. आईच्या कॅसेट मी लगेच उघडून पाहिल्या. घरगुती कॅसेटला हे दुखणं कमी होतं असं वाचलं होतं, पण पाहिल्याशिवाय धीर धरवेना. त्या ठीक होत्या.

औषध शेवटी मिळालं बुधवार पेठेत. आधी करोनातला सॅनिटायझरचा कॅन वापरून पाहिला होता, २०२० सालचा, पाच लिटरमधला तीन लिटर अजून शिल्लक. त्यात अल्कोहोल होतं, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कृतीप्रमाणे हातांसाठी थोडं ग्लिसरीनही. चिकटा निघाला आणि ग्लिसरीनचा बुळबुळीतपणा मागे राहिला. तापकीर गल्लीत मोबाईल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या एका पोराला मी सगळी कथा सांगायला लागलो. 'चिकट' हा शब्द ऐकताच त्याने मागे न बघता फळीवरची बाटली काढली.

"आयपीए. नव्याण्णव टक्के. गाडीची बटणं ना, काका?"

"टेप आहे. जुना."

"तेच ते," तो म्हणाला. "कार्ड आहे का जुनं, एटीएमचं? त्याने खरवडा. आणि बनियन घ्या. टिश्यू पुरणार नाहीत."

ह्या दोन वाक्यांत सगळं ज्ञान होतं. आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. एबीएसला ते काही करत नाही, चिकट झालेल्या पॉलियुरेथेनला मात्र सैल करतं. पारदर्शक भागांवर, म्हणजे रेडिओच्या काट्यावरच्या काचेसारख्या प्लास्टिकवर ते सांडू द्यायचं नाही, बारीक तडे जाऊ शकतात. आणि ते पेटतं. बारा अंश सेल्सिअसला त्याची वाफ ठिणगीने पेट घेण्याइतकी होते, म्हणजे पुण्यात जवळजवळ बारा महिने. बाल्कनीत दिवाळीच्या पणत्या होत्या, म्हणून मी तुळशीचं लग्न होईपर्यंत बाटलीचं बूच उघडलं नाही.

वायर काढली, मागचे आठ मोठे सेल होते का ते पाहिलं (नव्हते, कोणाच्या तरी हुशारीने), बटणं ओढून निघाली ती बशीत काढली. जुन्या बनियनचे चौकोन कापले. नुसतं पुसायला गेलं की अल्कोहोल उडून जातं आणि चिकटा जागेवरच असतो. म्हणून चौकोन भिजवून हँडलवर पट्टीसारखा लावायचा, वरून पॉलिथीन गुंडाळायचं, आणि दहा-पंधरा मिनिटं तापाच्या रोग्याच्या कपाळावरच्या घडीसारखं राहू द्यायचं. मग पॉलिथीन काढून कार्डाच्या कडेने ओढत जायचं. करड्या रंगाची साय गुंडाळत येते. लगेच कोऱ्या कापडाने पुसायचं. इथे कंजूषपणा केला की संपलं. एकच कापड दुसऱ्यांदा फिरवलं की आपण काढलेलाच चिकटा परत लावत असतो. माझ्या पाच बनियन गेल्या. सहावी धुवायला टाकलेली होती म्हणून वाचली.

स्पीकरच्या जाळीभोवतीच्या खाचांत दात घासायचा जुना ब्रश, त्याहून बारीक जागी टूथपिक. काही लोक खाण्याचा सोडा अल्कोहोलमध्ये कालवून घासतात, त्याने काम लवकर होतं पण चकचकीत भागावर चरे पडतात. मी फक्त हँडलच्या आतल्या बाजूला वापरला. एकूण तीन रविवार लागले. दर रविवारी संध्याकाळी घरभर इंजेक्शनआधीच्या कापसाचा वास.

आणि खालून काय निघालं? एक फिकट, कुठे गडद कुठे पातळ, कंटाळवाण्या राखाडी रंगाचं साधं प्लास्टिक. साच्यात ओतताना वितळलेलं प्लास्टिक दोन बाजूंनी येऊन जिथे मिळालं तिथे बारीक रेघ. साच्यातून बाहेर ढकलणाऱ्या दांड्याचा गोल वण. झाकायचंच होतं म्हणून कोणी त्याला नटवलं नव्हतं. ह्या कामाला लोक जीर्णोद्धार म्हणतात, वस्तू पूर्ववत केली म्हणतात, पण मला तीन रविवार तो शब्द खटकत राहिला. मी काही परत आणलं नाही. वासराचा कान गेला तो गेला. आता ह्यावर कोणी मॅट लॅकर मारतात, मीही दुकानात डबा हातात घेऊन पाहिला आणि परत ठेवला. जे हाताला सुखावण्यासाठी म्हणून लावलं होतं, तेच आधी कुजलं. त्याच्या खालचं ओबडधोबड प्लास्टिक आणखी पन्नास वर्षं तसंच राहील.

एक नुकसान मात्र मला आधी कळायला हवं होतं. बटणांभोवतीची अक्षरं, प्ले, स्टॉप, रिवाइंड, ही प्लास्टिकवर नाही तर ह्या थरावर छापलेली होती. थर निघाला की अक्षरंही निघणार. एक पर्याय होता, तेवढ्या जागेवर कागदी टेप चिकटवून तिथला चिकटा राहू द्यायचा. एका ओळीपुरता तो केला आणि ती ओळ महारोग्याच्या चट्ट्यासारखी दिसायला लागली. शेवटी मोबाईलवर फोटो काढून ठेवला आणि डोळे मिटून कापड फिरवलं. दुसऱ्यांदा घासताच 'प्ले' कापडावर उतरला, अर्धा, आणि मग नाहीच.

हँडल शेवटच्या रविवारी घेतलं, कारण त्याला तो कागद होता.

भिजवल्यावर कागद अलगद सुटला, पण त्याची शाई चिकट्यावर उतरलेली होती. करड्या पृष्ठभागावर काळी, बारीक, उलटी अक्षरं. देवनागरी उलटी वाचायला फार अवघड, वेलांट्या दगा देतात. बाथरूममधला आरसा काढून आणला. वर राशिभविष्याचा तुकडा होता. 'वृषभ : प्रवास टाळावा. वडीलधाऱ्यांची मर्जी सांभाळा.' त्याच्या वर, पानाच्या माथ्याशी, अर्धवट तारीख. शनिवार, १९ ऑगस्ट २००६.

मी आरसा पुसून पुन्हा पाहिलं.

बाबा गेले २०११ च्या मार्चमध्ये. टेप त्यानंतर बंद झाला, हे आमच्या घरातलं इतकं पक्कं वाक्य होतं की ते कोणी पहिल्यांदा म्हटलं तेही आठवत नाही. 'ते गेल्यावर कोणी लावलाच नाही.' मी स्वतः ते कितीतरी जणांना सांगितलं आहे. २०२१ च्या २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी घरात छातीएवढं आलं, खालचं सगळं गेलं, आणि माळ्यावरचा टेप वाचला तेव्हाही मी फोनवर म्हणालो होतो, बाबांचा टेप वाचला, ते गेल्यापासून वरच होता.

आई दाराशी शेंगा सोलत बसली होती. मी तिला तारीख सांगितली.

"गणपती आठ दिवसांवर आले असतील," ती म्हणाली. २००६ ला चतुर्थी २७ ऑगस्टला होती, हे मी नंतर पाहिलं. "रंग काढायला माणूस येणार होता. सगळं वर ठेवलं. मीच बांधला तो."

"मग गणपतीनंतर खाली नाही काढला?"

"ह्यांनी मागितला नाही."

थोडा वेळ तिने नुसत्या शेंगा सोलल्या.

"ऐकू यायचं नाही रे त्यांना. आवाज पार मोठा करून बसायचे, आणि तरी कान लावायचे टेपला. समोरच्या वहिनी दोनदा सांगून गेल्या. मग मला वाटलं, वर आहे तर राहू दे."

२००६ ते २०११, प्रत्येक गणपतीला मी चिपळूणला गेलेलो आहे. पाच वर्षं, प्रत्येक वेळी चार-पाच दिवस. टेपच्या जागी स्टुलावर काय होतं, ते आठवायचा मी बराच प्रयत्न केला. कदाचित औषधांचा डबा. कदाचित फोन. फोनचं आठवतं. रविवारी मी केला की बाबा उचलायचे, "हो, हो, ठीक, ठीक" म्हणायचे आणि "आईशी बोल" म्हणून देऊन टाकायचे. माणूस अबोल होत चालला आहे असं मी बायकोला म्हटल्याचंही आठवतं.

"पुसून टाक ते," आई म्हणाली. "हाताला लागतं."

मी पुसलं. शाई आणि चिकटा एकदमच निघाले.

टेप अजून वाजत नव्हता, म्हणजे रेडिओ वाजत होता, कॅसेट फिरत नव्हती. मागचं झाकण उघडलं तर आतही तीच कहाणी. मोटरवरून चाकाला फिरवणारा रबरी बेल्ट डांबर होऊन पुलीच्या खाचेत वाहून गेला होता. (तो पॉलियुरेथेनचा नव्हे, पण वार्धक्य तेच.) तो इअरबडने कोरून काढायला आख्खी संध्याकाळ गेली. तापकीर गल्लीत बेल्ट मागितला तर दुकानदार पहिलं म्हणतो, जुना आणा. जुना तर माझ्या नखांत होता. शेवटी सुतळी दोन्ही पुल्यांभोवती फिरवून गाठ मारली, ती नेली, आणि त्यापेक्षा जरा तोकडा चौकोनी बेल्ट घेतला, म्हणजे तो ताणून बसतो. फीत ओढणारा पिंच रोलर आणि हेड त्याच आयपीएने पुसले. अभंगाची कॅसेट लावली. पहिली दोन मिनिटं आवाज पोहऱ्यातून आल्यासारखा डगमगत होता, मग सरळ झाला.

आता बटणांवर अक्षरं नाहीत. सगळी सारखी, राखाडी. मी लेबल छापून आणतो म्हटलं, तर आई आपल्या खोलीत गेली आणि कपाटाच्या खालच्या खणातून टिकल्यांचं पाकीट घेऊन आली. अर्धं वापरलेलं, कडेने पिवळं पडलेलं. २०११ नंतर ते तिने उघडलं नव्हतं. तिने प्लेवर लाल टिकली लावली आणि स्टॉपवर त्याहून बारीक. गोंद अजून धरत होता.

दुपारी जेवणं झाली की ती टेप लावते. हँडल कडक झालं, धरायला बरं नाही, असं एकदा म्हणाली, पुन्हा नाही. आवाज इतका बारीक ठेवते की शेजारच्या खोलीत येत नाही. मी दाराशी उभा राहिलो की वर बघते.

"मोठा करू का?"

"नको," मी म्हणतो. "येतंय ऐकू."